काढून टाकलेल्यांना पुन्हा फोन

११ सप्टेंबर आला की मी कपाटातून एक सीडी काढतो. कव्हरचं प्लास्टिक तडकलंय, आतली पुस्तिका पावसाळी हवेनं फुगलीय. घरात सीडी वाजवायचं यंत्रच उरलेलं नाही, त्यामुळे गाणी मोबाईलवर ऐकतो. पण ती सीडी समोर टेबलावर लागते. मुलगी हसते. "बाबा, हे म्हणजे देवाचा फोटो पुढ्यात ठेवून आरती मोबाईलवर लावण्यातलं झालं," म्हणते. बरोबरच आहे तिचं.

यंदा त्या सीडीवर लिहायचं ठरवलंय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. आणि शेवटी माझीच एक चूक कबूल करायची आहे, तेव्हा मध्येच सोडून जाऊ नका.

सीडीचं नाव 'द रायझिंग'. गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. ३० जुलै २००२ ला आली. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, जेमतेम दहा महिन्यांत. आपल्याकडे हे नाव फार जणांना माहीत नसतं, म्हणून थोडी ओळख करून देतो.

स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्ड नावाच्या छोट्या गावचा. जन्म १९४९. वडील मिळेल ते काम करणारे. गालिच्याच्या कारखान्यात, बस चालवायला, तुरुंगात पहारेकरी. कुठेच फार टिकले नाहीत. आई वकिलांच्या ऑफिसात सेक्रेटरी, घर तिच्या पगारावर चालायचं. पोरगा गाणी लिहायचा ती अशाच लोकांची. कारखाना बंद पडलेले, गाडी घेऊन रात्री उगाच फिरणारे, लग्न लवकर झालेले. १९७५ साली 'बॉर्न टू रन' आला आणि त्याचं नाव झालं. १९८४ साली 'बॉर्न इन द यूएसए' आला आणि तो जगभर गेला. त्यातलं मुख्य गाणं व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळालेल्या सैनिकाचं आहे. पण त्याचा ठेका असा की लोकांना ते राष्ट्रगीतासारखं वाटलं. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीत भाषण करताना स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. गाणं नीट न ऐकता टाळ्या वाजवायची सवय फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

हे सगळं तो एकटा करत नव्हता. मागे होता ई स्ट्रीट बँड. काळा, धिप्पाड सॅक्सोफोनवाला क्लेरन्स क्लेमन्स. ऑर्गनवर डॅनी फेडरिची, पियानोवर रॉय बिटन, बासवर गॅरी टॅलंट, ड्रम्सवर मॅक्स वाइनबर्ग. गिटारवर आधी स्टीव्ह व्हॅन झँट, तो १९८४ मध्ये बाहेर पडल्यावर निल्स लॉफ्ग्रन. शिवाय पॅटी स्कियाल्फा, जी पुढे स्प्रिंगस्टीनची बायको झाली. स्टेजवर ही माणसं भावंडांसारखी दिसायची. पण कागदावर मालक एकच. 'बॉस' हे त्याचं टोपणनाव कसं पडलं माहितीये? सुरुवातीच्या काळात कार्यक्रम झाला की रात्री पैसे गोळा करून सगळ्यांना वाटायचं काम त्याच्याकडे असायचं. म्हणून बॉस. बँडमध्ये लोकशाही चालत नाही, हे त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात उघड लिहिलंय.

१९८९ साली बॉसनं एकेकाला फोन लावला. यापुढे तुमच्याबरोबर काम करणार नाही, वेगळं काहीतरी करून बघायचंय, असा निरोप. क्लेमन्स तेव्हा जपानमध्ये होता, बीटल्सच्या रिंगो स्टारबरोबर दौऱ्यावर. फोनवर ब्रूसचा आवाज ऐकून त्याला वाटलं, नवीन रेकॉर्ड करायची आहे, बोलावणं आलं. लगेच येतो म्हणाला. मग समजलं की बोलावणं नव्हतं, निरोप होता. १७ वर्षांच्या सोबतीचा शेवट एका फोनवर.

मालकानं मुद्दाम वाईट वागायचं ठरवलं होतं असं मला वाटत नाही. चाळिशीला आलेला कलावंत, तेच तेच वाजवून कंटाळलेला. १९९२ मध्ये त्यानं एकाच दिवशी दोन अल्बम काढले, 'ह्यूमन टच' आणि 'लकी टाउन'. बँडमधला फक्त बिटन बरोबर ठेवला, बाकी दुसरे वादक घेतले. वाजवणारे कसबी होते. पण ऐकणाऱ्यांना काहीतरी सुटल्यासारखं वाटत राहिलं. काढलेल्या माणसांनी आपापली वाट धरली. वाइनबर्ग टीव्हीवरच्या रात्रीच्या कार्यक्रमात बँड चालवायला लागला. व्हॅन झँट 'द सोप्रानोज' मालिकेत गुंडाचं काम करून घराघरात पोचला.

१९९९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं स्प्रिंगस्टीनचा सन्मान केला. त्याचा एकट्याचा. बँडचा नाही. व्हॅन झँट त्याला आधीच सांगून आला होता की हे बरोबर नाही, नाव दोघांचं मिळून आहे. त्यानं ऐकलं नाही. पण त्याच वर्षी बँडला परत बोलावून मोठा दौरा काढला. दौरा तसा सोपा असतो. जुनी गाणी वाजवायची, लोक खूश. जुन्या माणसांबरोबर नवीन काम करणं अवघड. ते व्हायला ११ सप्टेंबर उजाडावा लागला.

त्या दिवशी मी तिथे होतो. म्हणजे हडसन नदीच्या अल्याड, जर्सी सिटीत. दीड वर्षापूर्वी सॉफ्टवेअरच्या कंत्राटी नोकरीवर गेलो होतो. राहायला एडिसनमध्ये, चौघं मिळून दोन खोल्यांत. ऑफिसच्या खिडकीतून ते दोन टॉवर रोज समोर दिसायचे, आपल्या घरातून मिरजेचा दर्गा दिसावा इतके सवयीचे. त्या सकाळी काय दिसलं ते मी लिहिणार नाही. ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. टीव्हीवर न दिसलेलं सांगतो. दुपारी बोटी भरभरून माणसं आमच्या काठावर उतरत होती. डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरी धूळ. कुणी बोलत नव्हतं. एक बाई फक्त एक सँडल घालून चालत होती आणि तिला ते कळलेलंच नव्हतं.

आणि नंतरचे दिवस. आमच्या स्टेशनच्या पार्किंगमध्ये काही गाड्या तशाच उभ्या राहिल्या. सकाळी गाडी लावून ट्रेननं कामावर गेलेली माणसं, संध्याकाळी गाडी न्यायला आलीच नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काचांवर फुलं दिसायला लागली.

आमची भीती अजून वेगळी होती. १५ सप्टेंबरला ॲरिझोनात बलबीर सिंग सोढी या शीख पेट्रोलपंप मालकाला एकानं गोळ्या घातल्या. दाढी आणि पगडी, एवढाच गुन्हा. जर्सी सिटीतले जुने भारतीय लोक १९८७ ची आठवण काढायला लागले, तेव्हा तिथे 'डॉटबस्टर्स' नावाची टोळी टिकली-कुंकवावरून आपल्या लोकांना मारहाण करायची. ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांना, गाड्यांना रातोरात अमेरिकेचे झेंडे लागले. मीही दोन डॉलरचा झेंडा आणून गाडीच्या काचेवर चिकटवला. प्रेमापोटी किती आणि भीतीपोटी किती, आजही सांगता येणार नाही. ट्रेनमध्ये कुणाला आईचा फोन आला तर तो मराठीत बोलायचा नाही. "नंतर करतो" म्हणून ठेवून द्यायचा.

तिकडे स्प्रिंगस्टीनची गोष्ट अशी. हल्ल्यानंतर काही दिवसांनी तो समुद्राकाठी गाडी लावून उभा होता. जाणाऱ्या एका गाडीतून कुणीतरी काच खाली करून ओरडलं की आम्हाला तुझी गरज आहे, आणि गाडी निघून गेली. ही गोष्ट त्यानं स्वतःच नंतर अनेकदा सांगितलीय. तो राहतो त्या मॉनमथ काउंटीतली खूप माणसं त्या टॉवरमध्ये गेली होती. वर्तमानपत्रात रोज मृतांच्या छोट्या ओळखी छापून यायच्या. त्यातल्या कितीतरी जणांच्या ओळखीत लिहिलेलं असायचं की याला स्प्रिंगस्टीनची गाणी आवडायची. त्यातल्या काहींच्या घरी त्यानं फोन केले. बातमी करायला नाही. बोलायला, आणि मुख्यतः ऐकायला.

२१ सप्टेंबरला टीव्हीवर मदतनिधीचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात त्यानं 'माय सिटी ऑफ रुइन्स' म्हटलं. गंमत अशी की हे गाणं न्यूयॉर्कचं नव्हतंच. ते त्यानं आधीच, ॲसबरी पार्क या त्याच्या भागातल्या पडक्या झालेल्या समुद्रकाठच्या शहरासाठी लिहिलं होतं. दुकानं बंद, हॉटेलं ओस, पोरं कामाशिवाय. लोकांनी ऐकलं आणि ते त्या दिवसाचं गाणं होऊन गेलं. दुःख जिथलं तिथलं नीट लिहिलं की ते दुसऱ्यालाही पुरतं.

२००२ च्या सुरुवातीला त्यानं ई स्ट्रीट बँडला अटलांटातल्या स्टुडिओत बोलावलं. १९८४ च्या 'बॉर्न इन द यूएसए' नंतर बँड पूर्ण जमून केलेला हा पहिला स्टुडिओ अल्बम. मध्ये १८ वर्षं गेलेली. आणि इथे बॉसनं आणखी एक गोष्ट केली, जी मला फार महत्त्वाची वाटते. निर्मितीची सूत्रं स्वतःकडे किंवा जुन्या मित्रांकडे न ठेवता ब्रेंडन ओब्रायन या बाहेरच्या माणसाकडे दिली. पर्ल जॅमसारख्या तरुण बँडबरोबर काम केलेला माणूस. आपल्या घरच्या माणसांना परत बोलवायचं, आणि कसं वाजवायचं ते दुसऱ्याला सांगू द्यायचं. अहंकार थोडा बाजूला ठेवल्याशिवाय हे जमत नाही. अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात पाच लाखांवर प्रती खपल्या. पुढच्या वर्षी ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट रॉक अल्बम ठरला.

मी तो ऐकला ऑगस्ट २००२ मध्ये. तोवर माझी नोकरी गेली होती. कंपनीचं नाव घेत नाही, त्या वर्षी सगळीकडे तेच चाललं होतं. कंत्राटी माणसं आधी. व्हिसाचे दिवस मोजत दुसरं काम शोधत होतो. शेवटच्या दिवशी खोक्यात सामान भरत असताना शेजारच्या डेस्कवरचा गृहस्थ आला. साठीचा, आयरिश आडनावाचा, वर्षभरात माझ्याशी हवामान सोडून काही न बोललेला. त्याचा पुतण्या अग्निशमन दलात होता आणि त्या दिवशी गेला होता, एवढं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं ही सीडी माझ्या खोक्यात ठेवली. म्हणाला, ऐक, बारावं गाणं ऐकताना माझी आठवण काढ. आणि गेला.

मी पार्किंगमध्येच गाडीत बसून लावली. पहिल्यापासून. बारावं येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. पण मध्येच, 'वर्ल्ड्स अपार्ट' नावाचं गाणं सुरू झालं आणि मी व्हॉल्यूम वाढवला. कारण गिटार आणि ड्रम्सच्या आधी तिथे कव्वालीचे आवाज होते.

पाकिस्तानचे कव्वाल आसिफ अली खान आणि त्यांचे साथीदार. अमेरिकन रॉकच्या अल्बममध्ये. ११ सप्टेंबरवरच्या अल्बममध्ये!

मी मिरजेत वाढलोय. तंतुवाद्यांचं गाव. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात, लहानपणी वडील खांद्यावर बसवून न्यायचे. उरुसातली कव्वाली ऐकत चटईवर झोपलेला पोरगा मी. तो आलाप माझ्यासाठी पाकिस्तानचा नव्हता, कुणाच्या धर्माचाही नव्हता. घरचा होता. आणि गेलं वर्षभर मी माझा रंग, माझी भाषा, आईचा फोन, सगळं लपवत फिरत होतो. त्या देशाच्या सगळ्यात 'त्यांच्या' गायकानं, देश रागानं पेटलेला असताना, तो आवाज दार उघडून आत घेतला होता. गाणं प्रेमाचं आहे. तिकडचा सैनिक आणि इकडची बाई. जमेल की नाही याची खात्री नसलेलं प्रेम. मी गाडीत बसून रडलो, सांगायला लाज वाटत नाही. मग आईला फोन लावला आणि खिडकी उघडी ठेवून मराठीत बोललो.

बारावं गाणं नंतर ऐकलं. 'यू आर मिसिंग'. त्यात हल्ला नाही, विमान नाही, झेंडा नाही. एक घर आहे. सगळं जागच्या जागी आहे आणि माणूस तेवढा नाही. कपडे आहेत, कॉफीचा कप आहे, मुलं विचारतायत. शेवटी फेडरिचीचा ऑर्गन वाजत राहतो, शब्द संपल्यावरही. ज्याच्या घरी असं झालंय त्याला विचारा, शब्द संपल्यावर काय उरतं ते.

अल्बममध्ये १५ गाणी आहेत. सगळी त्या दिवसावरची नाहीत, सगळी चांगलीही नाहीत. दोन-तीन मला आजही उगाच वाटतात. पण महत्त्वाची घ्या. 'इनटू द फायर' आणि 'द रायझिंग' ही जिना चढत गेलेल्या अग्निशमन जवानांची. त्या दिवशी न्यूयॉर्कचे ३४३ अग्निशमन कर्मचारी गेले. लोक खाली पळत होते तेव्हा ते वर जात होते. 'नथिंग मॅन' मध्ये एक वाचलेला माणूस आहे, ज्याला गाव शूर म्हणतंय आणि ज्याला जगणं नकोसं झालंय. आणि 'पॅरडाइज'. त्याचं पहिलं कडवं चक्क आत्मघाती हल्लेखोराच्या तोंडचं आहे. समर्थन नाही, दया नाही, शिवीही नाही. फक्त तो गर्दीत शिरतोय आणि आपण त्याच्या डोळ्यांनी बघतोय. दुसऱ्या कडव्यात नवरा गमावलेली बाई. दोघांनाही पलीकडचं काहीतरी हवंय. दोघांचं 'पलीकडे' किती वेगळं!

पूर्ण अल्बममध्ये शत्रूचं नाव नाही. एकदाही नाही. ७ ऑक्टोबर २००१ ला अफगाणिस्तानवर बॉम्ब पडायला लागले होते, इराकची भाषा सुरू झाली होती. बदल्याच्या गाण्यांना त्या वर्षी अमेरिकेत उदंड मागणी होती आणि ती गाणी निघालीही. यानं तसं लिहिलं असतं तर दुप्पट खपलं असतं कदाचित. राग नाही असं नाही. 'एम्प्टी स्काय' मधल्या माणसाला सूड हवाय, तो ते बोलूनही दाखवतो. पण अल्बम त्याला तिथेच सोडत नाही, पुढच्या घरात घेऊन जातो.

हा माणूस कुणाची तळी उचलणारा नव्हता, हेही सांगायला हवं. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी अमादू दियालो या निःशस्त्र आफ्रिकन स्थलांतरिताला ४१ गोळ्या झाडून मारलं होतं. स्प्रिंगस्टीननं २००० साली त्यावर गाणं केलं, तर पोलीस संघटनेनं त्याच्या कार्यक्रमांवर बहिष्कार घाला म्हणून सांगितलं. दोन वर्षांनी तोच माणूस गणवेशातल्या शूरांवर गातो. यात विरोधाभास आहे का? मला नाही वाटत. चुकलं तेव्हा चुकलं म्हणाला, झिजले तेव्हा झिजले म्हणाला.

एक तक्रार मात्र माझीही आहे. हा अल्बम 'का झालं' हे विचारत नाही. अमेरिकेनं जगात काय केलं, पुढे काय करू घातलंय, याला हात लावत नाही. तेव्हा काही जण म्हणाले की यात मलम आहे, प्रश्न नाहीत. खरं आहे. प्रश्न त्यानं नंतर विचारले, इराक युद्धाला उघड विरोध केला, २००४ च्या निवडणुकीत मैदानात उतरला. पण मला आता असं वाटतं की पहिल्या वर्षी मलमच लागतं. मढं घरात असताना राजकारण शिकवणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. फक्त मलम लावणाऱ्यानं त्यात विष मिसळू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे सगळं त्यानं काढून टाकलेल्या माणसांनाच बोलावून का केलं? बाकी वादक मिळाले नसते का? वाटेल तेवढे. एकट्यानं गिटार घेऊनही करता आलं असतं, तसे अल्बम त्यानं केलेत आणि उत्तम केलेत. माझं उत्तर असं. एकट्याच्या आवाजात राग चांगला उतरतो, एकटेपणही चांगलं उतरतं. पण गावाचं दुःख एकट्याला पेलत नाही. त्याला मागे उभी राहणारी माणसं लागतात, आणि तीही अशी, की ज्यांच्याबरोबर तुमचं काहीतरी बिघडलं होतं आणि तरी ती आली. 'मेरीज प्लेस' नावाच्या गाण्यात सगळा बँड एकत्र वाजतो तेव्हा ते ऐकू येतं. गाणं पार्टीचं आहे आणि गाणारा कुणालातरी गमावून बसलाय. मयताच्या घरी तेराव्याला जेवणावळ असते ना, तसं. रडू आणि वाढपी एकाच वेळी. असं गाणं भाड्यानं आणलेल्या माणसांकडून होत नाही.

म्हणून आता माझी गोष्ट.

२००४ मध्ये मी परत आलो, सांगलीत स्थायिक झालो. आम्ही पाच मित्रांनी गावभागात एक अभ्यासिका काढली. तळमजल्याची जागा, चार हजारांवर पुस्तकं, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना मोफत बसायला टेबलं. जास्तीचे पैसे माझे होते, अमेरिकेतले. कष्ट सगळ्यांचे. २०१३ मध्ये मला वाटायला लागलं की हे नीट चालत नाही. मला कॉम्प्युटर हवे होते, थोडी फी हवी होती, शिस्त हवी होती. बाकीच्यांना मोफतच हवं होतं. भांडण वाढलं. आणि मी एके दिवशी एकेकाला फोन लावला. "इथून पुढं मी एकटाच बघतो."

एक जण तेव्हा कुर्डुवाडीच्या फलाटावर होता. माझा फोन बघून त्याला वाटलं, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचं ठरवायचंय. "बोल की लेका, कुणाला बोलवायचं यंदा गायला?" म्हणाला. मी निरोप दिला. क्लेरन्सचा किस्सा मी त्याआधी कितीदा वाचला होता, चारचौघांत सांगितलाही होता. तरी हेच केलं. वाचलेलं माणसाला वाचवतंच असं नाही.

सहा वर्षं एकट्यानं चालवलं. कॉम्प्युटर आले, फी आली, शिस्त आली. पोरं कमी झाली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं. तुमच्यातले बरेच जण त्यात होतात, तुम्हाला काय सांगायचं. पाणी ओसरल्यावर मी अभ्यासिकेचं शटर वर केलं. पुस्तकांचा लगदा झाला होता, कपाटं उघडत नव्हती, कॉम्प्युटरमधून गाळ निघत होता. तो वास अजून नाकात आहे. मी खोरं घेऊन तासभर गाळ ओढला आणि एका कोपऱ्याइतकीही जागा मोकळी झाली नाही. मग चिखलातच उभा राहून फोन लावला. कुर्डुवाडीवाल्याला.

तो अर्ध्या तासात टेम्पो, दोन पोरं आणि ब्लिचिंग पावडरची पोती घेऊन आला. दारात उभा राहून एकच वाक्य बोलला, "फोन करायला पूर यावा लागला व्हय रे तुला?" आणि पँट दुमडून आत शिरला. संध्याकाळपर्यंत तिघं आले. चौथ्यानं फोन उचलला नाही, आजही उचलत नाही, आणि तो त्याचा हक्क आहे. पाच दिवस आम्ही गाळ काढला. आमचं कॉम्प्युटर-फीचं भांडण कुणी काढलं नाही. ते मिटलं नव्हतं, पण त्याहून मोठं काम समोर होतं.

अभ्यासिका पुन्हा सुरू झाली. पुस्तकं गावानं दिली. फी बंद आहे. बाहेरच्या पाटीवर आता पाच नावं आहेत, न येणाऱ्याचंही आहे.

कुर्डुवाडीवाला २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याला मी "चुकलो" असं तोंडानं कधीच म्हटलं नाही. म्हणायचं राहूनच गेलं. गाळ काढला, चहा प्यालो, सगळं पहिल्यासारखं झालं असं समजून चाललो. वहिनींना नंतर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "भावजी, त्यांना तुमचा फोन आला त्यातच कळलं होतं." असेल. पण मला म्हणायला हवं होतं. तेच आज इथे, सगळ्यांसमोर म्हणतोय.

ई स्ट्रीट बँडला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते २०१४ मध्ये. तेव्हा स्प्रिंगस्टीननं स्टेजवरून सगळ्यांदेखत व्हॅन झँटचं १९९९ चं म्हणणं सांगितलं आणि ते बरोबर होतं हे मान्य केलं. पण तोवर फेडरिची २००८ ला गेला होता आणि क्लेमन्स २०११ ला. फोन वेळेवर करता येतो, कबुली मात्र आपण नेहमी उशिरा देतो.

आता शेवटचं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा. त्यानंतरचे टीव्ही स्टुडिओ आठवा. आणि ती तरुण मुलगी आठवा, लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, नवरा गमावून बसली आणि तरी म्हणाली की मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागे लागू नका. तिला आपल्याच लोकांनी काय काय शिव्या दिल्या ते मी वाचलंय. ज्याचं दुःख, त्यानं ते कसं धरायचं हे घरात बसलेली माणसं ठरवायला लागली. तेव्हा मला ही सीडी फार आठवली होती. दोन महिने तोंड बंद ठेवलं होतं, भांडण नको म्हणून. भीतीनं झेंडा चिकटवणारा मी आतून अजून तोच आहे, हे तेव्हा समजलं.

म्हणून ही पोस्ट. गायक नाही, बँड नाही. पण पुढच्या वेळी गावावर काही कोसळलं तर आधी शत्रूचं नाव शोधायचं की आधी दार वाजवून विचारायचं, तुमच्या घरातलं कोण आलं नाही अजून, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि कुणाला फोन करायचा राहिला असेल तर पूर यायची वाट बघू नका. फोन केलात तर "चुकलो" तेवढं तोंडानं म्हणा. मी नाही म्हटलं.